बिनत्रासाचा वाढदिवस

नातवाच्या वाढदिवसाचं आमंत्रण परवा फोनवर आलं. उघडलं की फुगे वर जातात, मग एक अस्वल टाळ्या वाजवतं आणि ते थांबवायचं कसं हे मला अजून सापडलेलं नाही. जालन्यातल्या कुठल्याशा हॉलमध्ये डिस्को पार्टी आहे. उत्सवमूर्तीचं वय पाच. खाली सूचना आहे की सर्वांनी पांढरे कपडे घालून यावं, अंधारात ते चमकतील. त्याच्याही खाली, पालकांनी फक्त मुलाला घेऊन यावं, बाकी सगळं आम्ही पाहू. सून समाधानानं म्हणाली, "आई, आपल्याला या वेळी काहीच त्रास नाही." मी चष्मा पुसायला घेतला. हे वाक्य मी तिच्या जन्माच्या आधी पत्र्याच्या पाटीवर वाचलेलं आहे. पाटी रंगवणारा हात माझ्या वडिलांचा होता आणि रंगाचा डबा मी धरलेला होता.

नाना, म्हणजे माझे वडील, परतूरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात वायरमन होते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंग चालायचं, तेव्हा आमच्या घरात सगळ्या वस्तूंवर कापसाची बारीक लव असायची. पाण्याच्या माठावर, देवांवर, आईच्या भुवयांवर. भाकरी थापतानाही आई अधूनमधून फुंकर मारायची. हंगाम संपला की कारखाना मुका व्हायचा. मग नानांना घरात बसवत नसे. त्यांच्या हातांना सतत काहीतरी उघडून पाहायची सवय होती. रेडिओ, पंखा, शिलाई मशीन, एकदा तर शेजाऱ्यांचं पिठाच्या गिरणीचं मीटर. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात त्यांनी एका मातीच्या डेऱ्यावर आरशाचे तुकडे चिकटवले, तो डेरा टेबलफॅनच्या मोटारीला टांगला आणि आम्हाला अंधारात बसवून फिरवला. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजेडाचे पांढरे ठिपके धावायला लागले. आई म्हणाली, "डेरा चांगला होता हो." एवढंच तिचं मत. डेरा फुटका असता तर तिची काही हरकत नव्हती.

त्यातून निघाला डिस्को वाढदिवस. जिनिंगच्या मालकांनी रविवारी रिकामं गोदाम वापरायला दिलं. नानांनी रंगीत बल्बांच्या माळेत ट्यूबलाइटचे स्टार्टर जोडले, त्यामुळे बल्ब आपल्या लहरीनं लागायचे आणि विझायचे. नाना त्याला ताल म्हणत. गाण्याचा आणि त्या तालाचा काही संबंध नसे, पण पाच वर्षांच्या मुलांना तो लागतही नाही. गावात तेव्हा लेकरांचे वाढदिवस साजरे करण्याचं नवं वारं आलं होतं. बँकेतले, कचेरीतले, दवाखान्यातले लोक बदलून यायचे, त्यांनी मोठ्या शहरात पाहिलेलं असायचं, आणि घर मात्र दोन खोल्यांचं. नाना त्यांच्या दारात जाऊन सांगत, "तुम्ही बिलकुल काळजी करू नका. फक्त लेकरू घेऊन या. हसत आणा, हसत न्या." पाटीवरही तेच लिहिलं. 'बिनत्रासाचा डिस्को वाढदिवस.' त्रास या शब्दातला त्र त्यांना नीट जमला नाही म्हणून तो जरा मोठा झाला, आणि लांबून फक्त तेवढाच वाचता यायचा.

लोकांना होणारा त्रास आमच्या घरानं वाटून घेतला होता. आई कुकरच्या तळाशी वाळू घालून केक भाजायची. अंडं नाही, दुधाचा, वर पिवळं कस्टर्ड. घरात शनिवारी दुपारपासून व्हॅनिला आणि गरम वाळूचा वास असायचा. आजही भाजलेल्या केकचा वास आला की मला पायाखाली वाळू लागल्यासारखं वाटतं. चिवडा, एक समोसा, नारिंगी सरबत. मी माईकवर. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांनी माझी जीभ सैल झाली होती, आणि मोठ्यांना हसवता येतं हे मला नुकतंच कळलं होतं. हे कळण्याचं वय फार वाईट असतं. आणि मंदाताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, ती लेकरांना नाचवायची. केक कापण्याआधी औक्षणाचं ताट तीच आणायची, मग ते ठेवून पदर खोचायची आणि गोल करायची. रडणारं पोर तिच्या कडेवर गेलं की गप्प व्हायचं. नानांच्या सगळ्या यंत्रांत खरं चालणारं यंत्र तेवढंच होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटायचं, लोक माझ्या विनोदांसाठी येतात.

मंदाताई गोरी होती. आमच्याकडे हे वाक्य नुसतं वर्णन म्हणून कधी वापरलं जात नाही. तिच्या स्थळाच्या कागदावर शिक्षणाच्या आधी रंग लिहिलेला होता. हसनाबादच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. मुलगा पाहून गेला, पत्रिका जुळली, मंदाताईनं कधी नव्हे ते "मला चालंल" असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तो जाताना तिच्याकडे नाही, तिनं टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाकडे पाहत होता, आणि कोणतं वाचता म्हणून त्यानं विचारलं होतं. तेवढ्या एका प्रश्नावर तिनं तीन महिने काढले. आता फक्त बैठक बाकी होती. मुलाची मोठी बहीण परतूरलाच राहायची. तिचा नवरा कचेरीत होता आणि तिचा बंटी पाच वर्षांचा होत होता. तिनं वाढदिवस आमच्याकडेच ठरवला आणि निरोप धाडला, की आईसुद्धा हसनाबादहून येणार आहेत, बघणं होईल.

नाना त्याच आठवड्यात हैदराबादला गेले. परत आले ते टॉवेलात गुंडाळलेली लांब नळी घेऊन. पॅसेंजर गाडीत बसायला जागा मिळाली तरी ते तिला धरून उभे राहिले होते, कुणाचा धक्का लागेल म्हणून. साध्या ट्यूबलाइटसारखी, पण काच काळी. जेवायच्या आधी त्यांनी ती लावली. खोली जांभळट अंधारली, आणि नानांचा बनियन पेटल्यासारखा पांढरा झाला. आईचे दात, माझ्या वहीचे कागद, दोरीवरचे धुतलेले कपडे. कोपऱ्यात, देवळीत, जिथं जिथं झाडू पोचला नव्हता तिथं कापसाची लव फिकट चमकत होती. मंदाताई त्या वेळी मागच्या दारी भांडी घासत होती. ती आत आली तोवर नानांनी नळी विझवून परत टॉवेलात घातली होती, जपायला. या पाच मिनिटांबद्दल मी आयुष्यात पुष्कळ विचार केला आहे. ती भांडी आधी घासून झाली असती तर सगळं आमच्या स्वयंपाकघरात झालं असतं, चौघांत.

रविवारी चार वाजता गोदामाची दारं लावली, फटींना पोती लावली. बाहेर परतूरचं ऊन होतं आणि आत आम्ही काळोख तयार केला होता. पंचवीस-तीस लेकरं, सगळी पांढऱ्या सदऱ्यांत. भिंतीला लागून खुर्च्या, त्यावर आया. मधोमध हसनाबादच्या काकू, बंटीच्या आजी. डोक्यावर पदर, मांडीवर पर्स, सगळं नीट पाहणाऱ्या. मंदाताईनं औक्षण केलं. काकूंनी तिच्या हाताकडे, बांगड्यांकडे, वाकण्याकडे पाहिलं आणि लेकीला हळूच काहीतरी म्हटलं, आणि दोघी हसल्या. चांगलं हसल्या. नाना स्विचच्या फळीपाशी उभे राहून ते हसू बघत होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना वाटलं, झालं.

मग त्यांनी सगळे बल्ब विझवले आणि काळी नळी लावली. ती गोलाच्या मधोमध, डोक्याच्या हातभर वर टांगलेली होती. लेकरं एकदम गप्प झाली आणि मग एकदम ओरडली. नुसते सदरे नाचत होते. वर छताच्या तुळयांना वर्षानुवर्षांचा कापूस चिकटलेला होता, तो धुरकट उजळला. मी माईकवर काहीतरी चांदण्यांचं बोलत होते. मंदाताईनं टाळ्यांसाठी दोन्ही हात नळीकडे उंच केले, आणि तिची बोटं पांढरी चमकली. सगळी नाहीत. तीन बोटांची टोकं, आणि उजव्या मनगटावर एक लांबट ठिपका, निळसर, सदऱ्यांपेक्षा तेज.

आधी मीच पाहिलं. मला वाटलं, कापूस चिकटलाय. परतूरमध्ये कुणालाही हेच वाटलं असतं. आणि मला विनोद सुचला. त्या क्षणी मला फक्त तो विनोद दिसत होता, बहीण दिसत नव्हती. मी माईक तोंडाशी नेऊन म्हणाले, "लेकरांनो, बघा बघा, मंदाताईच्या हाताला बोंड फुटलं!"

दोन्ही भोंग्यांतून ते गोदामभर गेलं. लेकरं खदाखदा हसली आणि तिच्याकडे धावली. त्यांना ते फार आवडलं. सदरे काय, सगळ्यांचेच चमकत होते. हात चमकणारी एकटी ताई होती. एकेक जण तिची बोटं धरून बघायला लागलं. बंटी म्हणाला, मला पण लाव. ताई हसत होती. नाना फळीपासून ओरडले, "कापूस हाय बेटा, झटक." तिनं हात झटकले. ठिपके तसेच. तिनं पदराला पुसले. मग नाना म्हणाले की साबण राहिला असंल, साबण बी चमकतो, जल्दी धुऊन ये. नळी विझवायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण त्यांना खात्री होती. ती पोतं बाजूला करून बाहेर गेली. उन्हाचा एक पट्टा आत आला आणि गेला. गाणं चालू होतं. मी माईक खाली घेतला होता.

ती परत आली, हात ओले. आपण होऊन नळीखाली गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली, शाळेत नखं दाखवायला उभं राहतात तशी. पाण्याचे थेंब चमकत नव्हते. ठिपके चमकत होते. आता तिनं चेहरा वर केल्यामुळे ओठाच्या कडेला आणखी एक दिसला, तिळाएवढा.

हसनाबादच्या काकू शेवटी म्हणाल्या, "इकडं ये, पोरी." त्यांनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्यानं मनगटावर दोनदा घासलं. अजिबात निर्दयपणे नाही. आजारी लेकराचं कपाळ बघावं तसं. मग हात तिच्याकडे परत दिला. नानांना तेव्हा उमगलं असावं, कारण सगळे बल्ब एकाच वेळी लागले आणि त्या उजेडात मंदाताईचा हात पुन्हा नुसता गोरा होता. कुठंही काही नाही. ते सगळ्यात वाईट होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि दाखवायला काही उरलं नव्हतं.

केक कापला. काकू जाताना आईला म्हणाल्या, केक छान झाल्ता. त्यांची प्लेट खुर्चीखाली तशीच होती, समोसा न मोडलेला. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत न्हाई. तीन महिन्यांपूर्वी ती जुळली होती. आठवड्याभरात ग्रह एवढे हललेले मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचले नाहीत, आणि पुस्तकांतच माझी सगळी नोकरी गेली.

जालन्याच्या कातडीच्या डॉक्टरांनी तिला उन्हात उभं करून पाहिलं आणि सांगितलं, कोड आहे, सुरुवात आहे, गोऱ्या अंगावर दिसायला वेळ लागतो. यानं काही होत नाही, हे कुणाला लागत नाही. त्यांनी ते तीनदा सांगितलं. त्यांना त्यांच्या खुर्चीवरून पुढचं दिसत असावं. दिवाळीपर्यंत ठिपके उन्हातही दिसायला लागले. नळीनं आम्हाला ते चार महिने आधी सांगितलं होतं, भर सभेत, आणि मी त्याची घोषणा केली होती. गल्लीतली पोरं ताईला 'बोंडताई' म्हणायला लागली. त्यांच्या लेखी ते कौतुकाचं नाव होतं. माझंच होतं ते, मला ओळखता आलं.

वाढदिवस थांबले नाहीत, हे मला लिहून ठेवायचं आहे. नंतर कुणी या गोष्टी सांगताना त्या दिवशी सगळं बंद पडलं असं सांगतं. तसं नसतं. पुढच्याच पंधरवड्यात एक बाई विचारायला आल्या. दारातच बोलणं चाललं होतं. तारीख झाली, केकवर नाव काय ते झालं. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ते मोठीला नका ठेवू, भाऊ. लेकरांना हात लावायचा, वाढायचं. त्रास नको उगंच."

नाना म्हणाले, "बराबर हाय."

आम्ही तिघी आत होतो. आई चाळणीनं मैदा चाळत होती, तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मंदाताई रंगीत कागदाचे मुकुट कातरत होती. तिनं तो मुकुट पूर्ण केला, टोकं नीट जुळवली, आणि दुसरा कागद घेतला. नाना वाईट नव्हते. रात्री ते जेवले नाहीत. पण ते वाक्य म्हणायला त्यांना एक क्षणही लागला नाही, आणि तेवढं आम्हाला तिघींनाही ऐकू आलं. त्यानंतर गोदामात लेकरांना मी नाचवलं. माईक नानांनी घेतला. ताई घरी बसून मुकुट कातरायची, कारण कागद कुणी कातरला हे कुणी विचारत नाही. दोन वर्षं आम्ही हे केलं. मग गावात दुसऱ्या कुणी धूर सोडायचं यंत्र आणलं आणि लोक तिकडे गेले. आमची पाटी गोठ्याच्या छताला गेली. अक्षरं आतल्या बाजूला होती, म्हशीच्या डोक्यावर.

काळी नळी मात्र घरात राहिली. आता ती माझ्यासाठी होती. माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तशी आई दर महिन्यातल्या एका दुपारी मधल्या खोलीची दारं लावायची आणि मला उभं करायची. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून बघायचं काम मंदाताईचं. तारेला लावलेली नळी ती हातात धरायची, आणि माझ्या हातांवरून, गळ्यावरून, पोटऱ्यांवरून फिरवायची. त्या जांभळ्या अंधारात तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत उजळलेले असायचे, आणि त्या उजेडात ती मला तपासायची. शेवटी पाठ. पाठीमागे ती थोडी जास्त वेळ थांबायची. आई पलंगावरून विचारायची, "हाय का गं काही?" ताई म्हणायची, "न्हाई. कोरी हाय." आई देवाला हात जोडायची. मी पोलकं घालायची. त्या वेळात मी एकदाही मागे वळून ताईकडे पाहिलं नाही. तिची माफी मागायला ती जागा बरोबर होती, अंधार होता, आई सोडून कुणी नव्हतं. मी बटणं लावत राहिले.

लग्न होऊन मी जालन्याला आले. नवरा रेल्वेत, सरळ माणूस. ग्रंथालयात नोकरी लागली. दुसऱ्या बाळंतपणानंतर एकदा न्हाऊ घालणाऱ्या बाईनं पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथं केवढा पांढरा डाग हाय, बाई, जुना दिसतो. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं माझा हात पोचत नाही आणि डोळा तर नाहीच. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असेल. पोर जरा मोठं झाल्यावर मी परतूरला गेले. नाना तेव्हा नव्हते. आई ओसरीत डोळ्याला पट्टी बांधून बसली होती. मंदाताई आत भेंडी चिरत होती. तिच्या हातांवर आता मूळचा रंगच ठिपक्याएवढा उरला होता. मी तिला पाठ दाखवली.

तिनं पाहिलं नाही. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

कधीपासून, असं मी विचारलं. म्हणाली, तुझी सुपारी फुटायच्या आधीपासून. तांदळाच्या दाण्याएवढा होता.

मी विचारलं, "मंग बोलली का न्हाईस?"

तिनं एक भेंडी उभी चिरली, आतली कीड बघितली आणि बाजूला टाकली. रागानं नाही, टोमणाही नाही, जणू मी सुरी कुठं आहे असं विचारलं असावं, तशी म्हणाली, "माझ्याजवळ माईक कुठं होता?"

आईनं ओसरीतून विचारलं, काय गं, काय म्हणती ती. ताई म्हणाली, काही न्हाई, भेंडी किडकी निघाली.

त्या पार्टीला येणार का, हे सुनेनं मला कालही विचारलं. मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. मंदाताई आता आमच्याकडेच असते, आमंत्रण तिच्या फोनवरही आलं आहे. तिनं अस्वल थांबेपर्यंत वाट पाहिली, खालची, अंधारात चमकण्याची सूचना दोनदा वाचली, आणि सकाळी तिची एकुलती पांढरी साडी इस्त्रीवाल्याकडे दिली.